तिसरी पुकार

"बस्या, कागद नीट घाल! तिसऱ्यांदा अडकला!"

"नीटच घालायलोय की! तुमच्या चर्चचा प्रिंटरच म्हातारा हाय. आजाऱ्यांच्या यादीत त्याचंबी नाव टाका!"

बुद्धप्रिया खुदकन हसली. सुवार्ता हसली नाही. रविवारचं पत्रक आज, गुरुवारी, छापून व्हायलाच हवं होतं आणि अजून पहिली प्रतसुद्धा धड निघाली नव्हती.

मे महिन्यात सोलापूर तव्यासारखं तापतं. चर्चच्या ऑफिसात एक कूलर होता, म्हणून सुट्टी लागल्यापासून ही तिघं तिथंच पडीक असायची. पत्रक म्हणजे एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. आठवड्यातल्या मिस्सा, म्हणजे उपासना, कुणासाठी आहेत, आजारी कोण, बाप्तिस्मा कुणाचा, लग्न कुणाचं, छत्री कुणाची राहिली, सगळं त्यात. ऑफिस सांभाळणाऱ्या धोंडिराम मास्तरांचं आणि कॉम्प्युटरचं पटत नसे. म्हणून आठवीतून नववीत गेलेली सुवार्ता साळवे पत्रक टाइप करायची. नववी संपवलेली बुद्धप्रिया शुद्धलेखन तपासायची. तिची आई अंगणवाडीत होती आणि घरात कायद्याच्या, लसीच्या, पोषणाच्या पुस्तिकांचा ढीग. बुद्धप्रियानं त्या सगळ्या वाचल्या होत्या. बसूचं घर लिंगायताचं, चर्चच्या भिंतीला लागून. तो कूलरसाठी यायचा आणि ते लपवायचाही नाही.

"मी मोठ्यानं वाचतो, तुमी चुका काढा," बसू म्हणाला. "गुरुवार, अठ्ठावीस मे. सकाळी साडेसहाची मिस्सा. बाळ अंकिता याकोब रणदिवे हिच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून. विनंती, मीनाबाई, निवृत्त नर्स, एसटी स्टँडमागं, मोहोळ."

"पुढं."

"पान उलटलं. लग्नाची पुकार, तिसरी आणि शेवटची. वर, प्रभुदास लोंढे, माढा. वधू, अंकिता याकोब रणदिवे, सोलापूर. लग्न सोमवार, पंचवीस..." बसू थांबला. त्यानं कागद पुन्हा उलटला. "अगं, सोमवारी लग्न आणि गुरुवारी मेलेली? ही काय भानगड हाय?"

सुवार्तानं कागद हिसकावला. नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनावही तेच!

अंकिताताईला ती तिघंही ओळखत होती. संडे स्कूलला गाणी तीच शिकवायची. मार्चमध्ये तिनं दहावीची परीक्षा दिली होती आणि अकरावीला सायन्स घेणार म्हणून सगळ्यांना सांगत फिरायची. आईबाप नव्हते, काकांकडं राहायची. मग दोन आठवड्यांपूर्वी एकाएकी तिच्या लग्नाची पुकार झाली. चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार सगळ्यांसमोर अशी पुकार होते. कुणाला काही अडथळा माहीत असेल तर त्यानं सांगावं, म्हणून. पहिल्या रविवारी बायकांनी भुवया उंचावल्या. दुसऱ्या रविवारी त्या जेवणात काय आहे ते विचारायला लागल्या.

"मास्तर, ही मिस्सा कुणी दिली?" सुवार्तानं विचारलं.

मास्तरांनी डोळे न उघडताच टेबलावरच्या पोस्टकार्डाकडं बोट केलं. "दरवर्षी मोहोळहून येतं. मी वहीत उतरवतो. मला काय विचारतीस?"

तेवढ्यात दार ढकलून दिपककाका रणदिवे आत आले. अंकिताचे काका. पॅरिश कौन्सिलचे, म्हणजे चर्चच्या कमिटीचे, मेंबर. मिस्सानंतरच्या सूचना माइकवर तेच वाचायचे, कारण आवाज मोठा होता.

"झालं का पत्रक? पुकार बघू दे." त्यांनी पुकार वाचली, मान हलवली आणि कागद उलटला. चेहरा उतरला!

"ही ओळ काढ," ते म्हणाले. "टायपिंगची चूक आहे."

"चूक नाही, काका. हे बघा कार्ड."

काकांनी कार्ड उचललं, दोनदा फाडलं आणि तुकडे खिशात घातले. कचऱ्याच्या डब्यात टाकले नाहीत, खिशात घातले! "पोरांनी सांगितलेलं ऐकावं. आणि मास्तर, बाहेरच्या जातीची पोरं ऑफिसात कशाला घेता?"

बसूनं मागं वळून पाहिलं. "बाहेरची कोण आलीत?"

"तू!" काका ओरडले आणि निघून गेले. मास्तर मात्र झोपेतच हूं म्हणाले.

"चूक असती तर खोडलं असतं," बुद्धप्रिया हळूच म्हणाली. "फाडलं कशाला?"

सुवार्तानं लग्नाची फाइल ओढली. पुकार टाइप करण्यासाठी मास्तरांनीच ती तिला दिली होती. आत बाप्तिस्म्याचा दाखला होता. दोन आठवडे तिनं त्यावरून फक्त नावं उतरवली होती. आज तिनं तो पहिल्यांदा वाचला, आणि स्वतःचाच राग आला.

"जन्म अठ्ठावीस मे दोन हजार सात. बाप्तिस्मा, अठ्ठावीस मे दोन हजार सात."

"म्हणजे ताई एकोणिसाव्या वर्षात? कायच्या काय! दहावीला एकोणीस?" बसू म्हणाला.

"त्याच दिवशी बाप्तिस्मा कुणाचा होतो का?" सुवार्ता म्हणाली. "माझा तीन महिन्यांनी झाला. पाहुणे, फ्रॉक, केक, सगळी जुळवाजुळव असते. आणि मिस्साची तारीखही अठ्ठावीस मेच!"

*

दुपारी तिघं अंकिताकडं गेली. गाण्याची वही मागायला, असं सांगून. काकू दारातच भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांची नजर पोरांवरून हटत नव्हती.

"पाच मिनिटं. तिला कामं आहेत."

अंकिता इस्त्री करत होती. पांढऱ्या झग्याला. लग्नाच्याच.

"ताई, तुझं वय काय गं?" बसूनं थेट विचारलं. त्याला आडून विचारता येतच नसे.

अंकिताची इस्त्री थांबली. "सोळा. म्हणजे... मला सोळाच वाटत होतं. पण काका म्हणाले, शाळेत मास्तरांनी अंदाजानं तारीख लावली. चर्चचा दाखला खरा. त्याच्यावर शिक्का आहे. मग असेन मी अठराच्या वरची."

"असेन म्हणजे? तुझं तुलाच माहीत नाही?"

"आई असती तर विचारलं असतं," ती म्हणाली. "मी फादरांना सांगणार होते, मला शिकायचंय. काका म्हणाले, फादरांनी सही केलीय, आता चर्चमध्ये तमाशा करशील तर घरात पाय ठेवायचा नाही. मग मी कुठं जाऊ?"

सुवार्तानं नजर चुकवायला भिंतीकडं पाहिलं. तिथं जुना फोटो होता. चर्चमधलं बाप्तिस्म्याचं कुंड, तरुण आई, आणि तिच्या कडेवर गुबगुबीत बाळ. लेसचा फ्रॉक घालून, तोंड भरून हसणारं.

"ही कोण?"

"मीच की! माझ्या बाप्तिस्म्याचा फोटो."

सुवार्ता फोटोच्या अगदी जवळ गेली. "बुद्धप्रिया, हिच्या तोंडात बघ."

"दात!" बुद्धप्रिया म्हणाली. "खाली दोन. सात-आठ महिन्यांची असणार."

"दाखल्यावरच्या बाळाचा बाप्तिस्मा जन्माच्याच दिवशी झालाय. एका दिवसाच्या बाळाला दात कुटनं येतील?" बसू ओरडलाच.

"काय चाललंय आत?" काकूंचा आवाज आला. "पाच मिनिटं झाली!"

बाहेर आल्यावर तिघं कडुलिंबाखाली थांबली. "दाखला खरा असेल," सुवार्ता म्हणाली, "पण तो दुसऱ्याच बाळाचा आहे. आणि त्या बाळासाठी मोहोळची बाई दरवर्षी मिस्सा सांगते."

"फादरला सांगू या!" बुद्धप्रिया म्हणाली.

"फादर पुण्याला बैठकीला गेलेत. शनिवारी संध्याकाळी येणार. फोन उचलत नाहीत."

"मग उद्या मोहोळ," बसू म्हणाला. "माझा शरणप्पामामा त्याच गाडीवर कंडक्टर हाय."

*

शरणप्पामामांनी तिघांना बघून कपाळावर हात मारला. "एनो बसू! घरी सांगून आलास?"

"आज्जीला सांगितलंय."

"तिला ऐकू येत नाही!"

"पण सांगितलंय की!"

मामांनी मुकाट्यानं तिकिटं फाडली आणि परतीच्या गाडीची वेळ तीन वेळा बजावली.

मीनाबाई एसटी स्टँडमागच्या दोन खोल्यांत राहायच्या. पायाला प्लॅस्टर होतं, पण आवाज वॉर्डातल्या नर्सचाच. "चपला बाहेर! हात धुवा! आता बोला." मुलांनी सगळं सांगितलं. कार्ड फाडलं हे ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"दिपकनं फाडलं? त्याला सगळं ठाऊक आहे. तो तिथंच होता, दवाखान्याच्या पायऱ्यांवर." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "बाळ सातव्या महिन्यातच झालं. माझ्या तळहातावर मावलं असतं. डॉक्टरांनी मान हलवली. फादरांना बोलवायला वेळ नव्हता. जीव जात असेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं, तुला शिकवलंय ना?"

सुवार्तानं मान डोलावली.

"मी वाटीत पाणी घेतलं. आईला विचारलं, नाव? ती म्हणाली, अंकिता. मी पाणी ओतलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. अर्ध्या तासात बाळ गेलं. दुसऱ्या दिवशी फादरांनी बाप्तिस्मा एका वहीत लिहिला आणि दफन दुसऱ्या वहीत. अडीच वर्षांनी तिला परत मुलगी झाली. तिनं तेच नाव ठेवलं. मी म्हटलं, नको गं. ती म्हणाली, त्या नावानं मी एकदाच हाक मारली, मला त्या नावानं रोज हाक मारायचीय."

बसू खाली मान घालून फरशीवर बोट फिरवत होता.

"म्हणजे वहीत दोन अंकिता," बुद्धप्रिया म्हणाली. "काकांनी पहिलीचं वर्ष सांगितलं. मास्तरांनी पहिली काढली आणि वही मिटली!"

"आणि मेलेल्या बाळाच्या वयावर जिवंत पोरीचं लग्न लावायला निघाले!" सुवार्ता उठून उभी राहिली. "तुम्ही रविवारी याल?"

"या पायानं? नाही गं." मीनाबाईंनी तिचा हात धरला. "मी चिठ्ठी दिली तर तीही फाडतील. दफनाची वही फाडता येणार नाही. फादरांना ती उघडायला लावा. बस्स."

*

सोपं वाटलं होतं. पण वही उघडायला एकही मोठा माणूस तयार होईना.

"दाखल्यावर शिक्का आहे," शनिवारी मास्तर म्हणाले. "शिक्का खोटा असतो का?"

"शिक्का खराय, मास्तर! मुलगी दुसरीय!"

"कपाटाची किल्ली पोरांना देत नसतात. पळा!"

सुवार्ताच्या आईनं तर पोळी लाटता लाटता लाटणंच उगारलं. "दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नाही! ते कौन्सिलवर आहेत, आपण नाही."

संध्याकाळी फादर आले. त्यांना या चर्चमध्ये येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. लोक पापनिवेदनाला रांगेत उभे होते, आणि रांगेच्या तोंडाशी दिपककाका, पहारेकऱ्यासारखे! सुवार्तानं धावत जाऊन फादरांची बाही धरली. "फादर, लग्नाबद्दल..."

"उद्या, बेटा. मिस्सानंतर."

"मिस्सानंतर उशीर होईल!"

"फादर दमलेत," म्हणत काकांनी तिला खांद्याला धरून बाजूला केलं. बोटं रुतली. "गुरुवारपासून अडलेलं पत्रक आत्ता माझ्यासमोर छापायचं," ते दातांतून म्हणाले. "आणि ती ओळ नको."

ऑफिसात त्यांनी पहिली प्रत तपासली. मिस्साची ओळ नव्हती. पुकार होती. "हां. काढ दोनशे." दहा मिनिटं ते उभे राहिले. मग प्रिंटर अडकला. बसूनं उघडला, मिटला, पुन्हा उघडला, शाईनं हात काळे करून घेतले. "लई म्हातारा झालाय, काका. तासभर तरी लागंल बघा."

काका वैतागून गेले. दार लागताच बसूनं आत कोंबलेला कागदाचा बोळा ओढून काढला.

"आता खरं पत्रक काढा," तो म्हणाला.

"एक गोष्ट लक्षात आली का?" सुवार्ता टाइप करता करता म्हणाली. "पुकारेच्या शेवटी एक वाक्य असतं. अडथळा माहीत असेल तर सांगा. गेले दोन रविवार काकांनी ते वाचलंच नाही. मी छापायलाही विसरले. आणि दोनशे माणसांत एकालाही ते खटकलं नाही!"

तिनं ते वाक्य टाकलं. सगळ्यात मोठ्या अक्षरांत.

"मी उद्या सकाळी आईच्या फोनवरनं एक फोन लावणार आहे," बुद्धप्रिया म्हणाली. "दहा अठ्ठ्याण्णव. मुलांसाठीचा नंबर आहे. चर्चच्या वहीत काहीही असो, सोळाव्या वर्षी लग्न म्हणजे गुन्हा."

*

रविवारी सण होता, चर्च खच्चून भरलं होतं. शेवटच्या बाकावर बसू आणि बुद्धप्रिया. मधल्या बाकावर काकूंच्या शेजारी अंकिता, मान खाली. मिस्साच्या शेवटी काका माइकपाशी गेले आणि भराभर वाचू लागले.

"लग्नाची पुकार, तिसरी आणि शेवटची. वर प्रभुदास लोंढे, वधू अंकिता याकोब रणदिवे. आता पुढची सूचना, छत्री..."

पण चर्चमध्ये कागदांची सळसळ झाली. लोक पत्रक उलटत होते, पालटत होते. पुकारेखाली ठळक अक्षरांत छापलं होतं: 'या लग्नाला अडथळा ठाऊक असणाऱ्यानं तो धर्मगुरूंना सांगितलाच पाहिजे.' आणि त्याखाली चौकटीत, गुरुवारची मिस्सा, बाळ अंकिता याकोब रणदिवे हिच्या आत्म्यासाठी.

"फादर!"

सुवार्ता उभी राहिली होती. आईनं तिचा फ्रॉक मागून ओढला, तरी ती बसली नाही. "फादर, मला अडथळा माहीत आहे."

"खाली बस!" काका माइकवरच ओरडले. भिंती घुमल्या.

"बाप्तिस्म्याचा दाखला या अंकिताचा नाही! तो तिच्या मोठ्या बहिणीचा आहे. ती जन्मली त्याच दिवशी वारली. ताई सोळाची आहे. दफनाची वही उघडा, अठ्ठावीस मे दोन हजार सात!"

"खोटं! पोरखेळ! फादर, मिस्सा संपवा!"

फादरांनी वेदीजवळून हात वर केला. "मास्तर, किल्ली."

"मिस्सानंतर बघू की, फादर..."

"आत्ता!"

दोन जुन्या वह्या वेदीसमोरच्या टेबलावर आल्या. फादर पानं उलटत होते आणि दोनशे माणसं बघत होती. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. मग दुसऱ्या वहीत, दुसऱ्या ओळीवर.

"अंकिता, मुलगी याकोब रणदिवे यांची," त्यांनी वाचलं. "वय एक दिवस. दफन एकोणतीस मे." "आणि बाप्तिस्म्याच्या वहीत तीन वर्षांनी पुन्हा तेच नाव. मास्तर, पुढची पानं का पाहिली नाहीत?"

मास्तरांनी किल्ली टेबलावर ठेवली.

"मी तिचं भलंच करत होतो!" काका म्हणाले. माइक अजून चालूच होता. "एकदा उजवली की जबाबदारी संपली!"

पुढच्या बाकावरची एक म्हातारी हळूच पुटपुटली, "मला आठवत होतं ते बाळ."

"मलाबी," शेजारची म्हणाली. "पण म्हटलं, आपण कशाला बोलायचं."

फादरांनी पुकारेचा कागद काकांच्या हातून घेतला. "हे लग्न होणार नाही. दिपक, माइक सोड."

मग एकदम गलका झाला. लोकांनी पोरांभोवती गर्दी केली. शाब्बास! कसलं डोकं! किती धीट पोरं! बसूच्या पाठीवर इतके हात पडले की तो कळवळला. "अहो, हळू!" फादरांनी सुवार्ताच्या डोक्यावर हात ठेवला. "तुमच्यामुळं आज या चर्चची लाज राहिली."

"राहिली कुठं, फादर?" ती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि रागही. "काल मी तुमची बाही धरली होती."

"खरंय," फादर म्हणाले. "मी थांबायला हवं होतं." आणि ते त्यांनी तिथंच, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पुन्हा सांगितलं.

अंकिता मात्र बाकावरून उठली नव्हती. "शाब्बासक्या झाल्या का?" ती म्हणाली. "आज रात्री मी कुठं झोपू, ते कुणी सांगेल का?"

मग सुवार्ताची आई पुढं आली, तीच काल लाटणं उगारणारी. "आमच्याकडं," ती म्हणाली. "आणि काल मी माझ्या पोरीचं ऐकलं नाही, ते माझं चुकलं." मुलींचं होस्टेल चालवणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, अकरावीपासून खोली आमच्याकडं, पुढचं आम्ही बघतो.

दारात जीप थांबली. बुद्धप्रियानं लावलेल्या त्या नंबरावरच्या दोन बाया आत आल्या, बरोबर एक महिला पोलीस. त्यांनी काकांना एका बाजूला बसवलं. "तू फोन केलास?" त्यातल्या मोठ्या बाईंनी बुद्धप्रियाला विचारलं. "तारीख, पत्ता, नाव, सगळं नीट सांगितलंस. मोठ्या माणसांना जमत नाही इतकं." बुद्धप्रियाचे कान लाल झाले.

मग त्या बाई अंकितासमोर बसल्या आणि फॉर्म काढला. काकूंनी घाईनं तोंड उघडलं, पण बाईंनी हातानंच थांबवलं. "हिला बोलू द्या. नाव?"

"अंकिता याकोब रणदिवे."

"वय?"

अंकितानं मान वर केली. भरलेल्या चर्चकडं एकदा पाहिलं.

"सोळा!" ती म्हणाली. माइकशिवाय म्हणाली, आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.